सरळसेवा भरतीची फाईल: कोणता कागद, कोणत्या तारखेचा, कोणाच्या सहीचा

जाहिरात हाती पडली की पहिली नजर जागांच्या आकड्यावर जाते. फाईल लावणाऱ्याने मात्र आधी दोन तारखा शोधाव्यात: वय कोणत्या दिनांकास मोजणार ती, आणि अर्ज स्वीकारण्याची शेवटची. पुढे येणारा जवळजवळ प्रत्येक कागद या दुसऱ्या तारखेला बांधलेला असतो. पदवीचा निकाल, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर (मागास प्रवर्गातल्या उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र), अनुभव, सगळे त्या दिवशी किंवा त्याआधीचे हवे. परीक्षा काही महिन्यांनी होते, निकाल त्यानंतर लागतो आणि पडताळणीचे बोलावणे आणखी उशिरा येते. म्हणून अनेकांना वाटते की तोवर कागद काढता येतील. पडताळणीच्या टेबलावर बसलेला कर्मचारी मात्र प्रमाणपत्र उघडून आधी दिनांकच पाहतो. यादीत नाव असूनही माघारी आलेल्या उमेदवारांपैकी बऱ्याच जणांकडे कागद होता, फक्त तो शेवटच्या तारखेनंतरचा होता.

तलाठी, लिपिक, वनरक्षक, आरोग्यसेवक, पोलीस शिपाई अशा महाराष्ट्रातल्या सरळसेवा (पदोन्नतीने नव्हे, थेट भरल्या जाणाऱ्या) पदांसाठी पहिल्यांदाच अर्ज करणाऱ्यांना डोळ्यांपुढे ठेवून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. क्रम मुद्दाम असा आहे की ज्या कागदाला वेळ लागतो तो आधी हाती घेतला जाईल.

पहिली पायरी: नाव जुळवा

कोणताही नवा दाखला काढण्याआधी दहावीचे प्रमाणपत्र, आधार, शाळा सोडल्याचा दाखला, पदवीची गुणपत्रिका आणि असल्यास जातीचा दाखला, असे पाच कागद शेजारी शेजारी मांडा. नावाचे अक्षर न् अक्षर मराठीत आणि इंग्रजीत ताडून बघा. वडिलांच्या नावात एकीकडे ‘राव’ आहे आणि दुसरीकडे नाही, आधारवर आडनाव शेवटी आहे आणि दहावीला सुरुवातीला, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा ‘ए’ जास्त, हे प्रकार घरोघरी सापडतात. नुसता क्रम उलटा असेल तर सहसा अडत नाही. अक्षर वेगळे असेल तर अडते, कारण संगणकावरची पडताळणी अक्षरावर चालते.

आधार दहावीप्रमाणे करून घ्या, दहावी आधारप्रमाणे नाही. आधारमधले नाव सेवा केंद्रावर दुरुस्त होते. दहावीच्या प्रमाणपत्रातली दुरुस्ती शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जाते, शाळेच्या मूळ रजिस्टरमधली नोंद दाखवावी लागते आणि त्यात महिने जातात. जन्मतारखेसाठी तर दहावीचे प्रमाणपत्रच प्रमाण मानले जाते. आधारवरची तारीख वेगळी असेल तर आधार बदलायचे.

लग्नानंतर नाव बदललेल्या महिलांसाठी एक सोपा नियम आहे. अर्जात जे नाव लिहाल त्याला आणि शिक्षणाच्या कागदांवरच्या नावाला जोडणारा दुवा फाईलमध्ये हवा. हा दुवा म्हणजे विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा महाराष्ट्र शासन राजपत्रात प्रसिद्ध झालेली नावबदलाची जाहिरात. लग्नपत्रिका चालत नाही. राजपत्राचा अर्ज शासकीय मुद्रण संचालनालयाच्या पोर्टलवर करता येतो. प्रसिद्ध झालेल्या अंकातले तुमचे पान उतरवून ठेवा, कारण पुढे प्रत्येक ठिकाणी तेच मागतात.

दुसरी पायरी: जातीचे तीन कागद आणि त्यांतला गोंधळ

नवख्या उमेदवारांची सर्वांत जास्त गल्लत इथेच होते, त्यामुळे जरा सविस्तर. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रिमीलेअर हे तीन वेगवेगळे कागद आहेत आणि ते एकमेकांची जागा घेत नाहीत.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकारी, म्हणजे बोलीभाषेत प्रांत, यांच्या सहीने मिळतो. त्यासाठी तुमच्या वडिलांकडच्या रक्तनात्यात ती जात ठरावीक दिनांकापूर्वी नोंदलेली होती आणि कुटुंब तेव्हा महाराष्ट्रात राहत होते, हे दाखवावे लागते. हे मानीव दिनांक पाठ असू द्या: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्ग आणि विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा सहसा आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या निर्गम उताऱ्यात (शाळेच्या रजिस्टरमधल्या नोंदीत), कोतवाल बुकाच्या (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीच्या) नकलेत किंवा जुन्या फेरफारात सापडतो. आजोबा शिकलेले नसतील तर चुलत आजोबांची शाळा शोधा. नाते वंशावळीत बसले की त्यांचा उतारा चालतो. कोतवाल बुकाच्या जुन्या नकला तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतात, काही मोडी लिपीत असतात आणि त्यांचे देवनागरी लिप्यंतर जोडावे लागते.

परराज्यातून आलेल्या कुटुंबांना इथला आरक्षणाचा लाभ मिळत नाही, कारण दाखला मूळ राज्यापुरता असतो. इंदूर, बडोदा किंवा गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांनाही हेच लागू आहे. तिथला दाखला तिथल्या भरतीत दाखवायचा.

विवाहित महिलेची जात जन्माने ठरते. दाखला माहेरच्या नावाने, वडिलांच्या कागदांवरच निघतो. सासरच्या नावाने, पतीच्या जातीवर काढलेला दाखला पडताळणीत टिकत नाही.

वैधता, म्हणजे रोजच्या बोलण्यातली व्हॅलिडिटी, जात पडताळणी समिती देते. राज्याच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र अधिनियमाने जातीचा दाखला पुरेसा न मानता त्याची पडताळणी सक्तीची केली. जमातींच्या दाव्यांसाठी वेगळ्या समित्या आहेत. वडील, काका, सख्खा भाऊ किंवा बहीण यांच्यापैकी कोणाकडे वैधता असेल तर तो सर्वांत भक्कम पुरावा ठरतो. तो अर्जाला लावाच. कागद अपुरे वाटले तर समिती प्रकरण दक्षता पथकाकडे देते, पथक घरी आणि शाळेत चौकशी करते आणि काम लांबते. बहुतेक जाहिराती अर्जाच्या वेळी जातीचा दाखला मागतात आणि वैधता नियुक्तीनंतर ठरावीक मुदतीत आणायला सांगतात. तरी बारावी किंवा पदवीच्या प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयामार्फत वैधता काढून ठेवलेली असेल तर फार मोठे ओझे उतरते. ती एकदाच काढावी लागते.

तिसरा कागद नॉन-क्रिमीलेअर. तो अनुसूचित जाती आणि जमातींना लागत नाही. विमुक्त जाती, भटक्या जमातींचे सर्व गट, विशेष मागास प्रवर्ग, इतर मागासवर्ग आणि २०२४ च्या कायद्यानुसारचा एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) प्रवर्ग या सर्वांना लागतो. मर्यादा वार्षिक ८ लाख रुपयांची आहे, पण तिचा हिशेब लोक चुकीचा करतात. आई-वडिलांचा पगार आणि शेतीचे उत्पन्न या मोजणीत धरत नाहीत. धंदा, व्यवसाय, घरभाडे असे इतर उत्पन्न सलग ३ वर्षे मर्यादेवर गेले तर क्रिमीलेअर. दुसरीकडे, आई किंवा वडील थेट वर्ग १ अधिकारी म्हणून नेमले गेले असतील तर उत्पन्न कितीही असो, मुलांना हे प्रमाणपत्र मिळत नाही. म्हणजे शाळेत शिक्षक असलेल्या वडिलांचा पगार जास्त दिसतो म्हणून घाबरून अर्जच न करणे चूक आहे. विवाहित महिलेच्या बाबतीतही आई-वडिलांचेच उत्पन्न पाहतात, पतीचे नाही.

प्रमाणपत्रावर खाली ‘३१ मार्च अमुक सालापर्यंत वैध’ असे लिहिलेले असते. तहसीलदाराचा उत्पन्न दाखला १ वर्षाचा जोडला तर १ वर्षाचे आणि ३ वर्षांचा जोडला तर ३ वर्षांचे मिळते, म्हणून नेहमी ३ वर्षांचाच दाखला काढा. एप्रिल-मे महिन्यांत निघालेल्या जाहिरातींत हमखास घोटाळा होतो: जुने प्रमाणपत्र ३१ मार्चला संपलेले असते आणि नव्याचा अर्ज सेतूत (दाखल्यांचे अर्ज घेणाऱ्या केंद्रात) पडून असतो. मुदत मार्चमध्ये संपत असेल तर ते वर्ष उजाडताच कामाला लागा.

प्रमाणपत्र वेळेत मिळाले नाही तर खुल्या प्रवर्गातून अर्ज करता येतो, पण त्याबरोबर वयाची सवलत जाते. राज्याच्या बहुतेक पदांना कमाल वय खुल्या प्रवर्गास ३८ आणि मागासवर्गीयांस ४३ असते (पोलीस शिपायासाठी २८ आणि ३३). चाळिशीतल्या उमेदवाराचा अर्ज तिथेच संपतो.

महिला आरक्षणाबाबत जुने मार्गदर्शन अजून फिरते, ते सोडून द्या. खुल्या गटातल्या महिलांसाठी राखीव जागेवर निवड होण्यासाठी नॉन-क्रिमीलेअरची अट ४ मे २०२३ च्या शासन निर्णयाने काढून टाकली. ओबीसी (इतर मागासवर्ग), एनटी (भटक्या जमाती) वगैरे प्रवर्गांतल्या महिलांना त्यांच्या प्रवर्गाच्या जागेसाठी मात्र ते प्रमाणपत्र लागतेच.

ईडब्ल्यूएस: हिशेब उलटा

इथेही आकडा ८ लाखांचाच आहे, म्हणून दोन्ही प्रमाणपत्रे सारखी वाटतात. पण ईडब्ल्यूएसमध्ये पगार, शेती, धंदा, सगळेच उत्पन्न धरतात. कुटुंबात उमेदवार, आई-वडील, १८ वर्षांखालची भावंडे, पती किंवा पत्नी आणि १८ वर्षांखालची मुले येतात. आधीच्या आर्थिक वर्षाचे उत्पन्न पाहतात आणि प्रमाणपत्र त्या एका आर्थिक वर्षापुरतेच असते, त्यामुळे दरवर्षी नवे काढावे लागते. ज्या जातीला राज्यात आधीच सामाजिक आरक्षण आहे तिला राज्याचे ईडब्ल्यूएस मिळत नाही.

केंद्राचा नमुना वेगळा

रेल्वे, बँक, टपाल, स्टाफ सिलेक्शनसाठी राज्याचा दाखला जसाच्या तसा लावू नका. केंद्रात एनटी, व्हीजे (विमुक्त जाती), एसबीसी (विशेष मागास प्रवर्ग) असे प्रवर्गच नाहीत. धनगर राज्यात भटक्या जमाती ‘क’ आणि वंजारी ‘ड’ गटात आहेत, केंद्राच्या यादीत दोन्ही ओबीसी. अर्जात ‘ओबीसी’ निवडायचे आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात, इंग्रजीत, केंद्रीय यादीतल्या नोंदीसह काढायचा. मराठा उमेदवार राज्यात एसईबीसी असले तरी केंद्राच्या ओबीसी यादीत नाहीत, म्हणून केंद्रीय भरतीत निकष बसत असतील तर त्यांना केंद्राच्या नमुन्यातले ईडब्ल्यूएस काढता येते. केंद्राच्या निकषात उत्पन्नाबरोबर मालमत्ताही येते: ५ एकर किंवा अधिक शेतजमीन, १,००० चौरस फूट किंवा अधिक निवासी सदनिका असेल तर अपात्र. सेतूत अर्ज भरताना ‘केंद्रासाठी’ हे शब्द स्वतः उच्चारा, नाहीतर राज्याचा नमुना हातात येतो.

तिसरी पायरी: अधिवास

डोमिसाइल म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा दाखला, तहसील कार्यालयातून निघणारा. त्यावर वय आणि राष्ट्रीयत्वही असते. एकदा काढलेला दाखला पुढेही कामी येतो. शाळेचे दाखले, शिधापत्रिका, वीजबिले, तलाठ्याचा रहिवासी दाखला यांतून १५ वर्षांची सलग साखळी दिसली पाहिजे. नोकरीसाठी मध्येच काही वर्षे बाहेर गेलेल्यांची साखळी तुटते, त्यांनी आई-वडिलांचे इथले कागद सोबत द्यावेत. डोमिसाइल नसेल तर काही जाहिराती जन्म महाराष्ट्रात झाल्याचा दाखला स्वीकारतात. तसे जाहिरातीत लिहिले असेल तरच त्यावर विसंबा.

बेळगाव, कारवार, बिदर, गुलबर्गा जिल्ह्यांतल्या, महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी तरुणांसाठी वेगळी वाट आहे. त्या गावात १५ वर्षे वास्तव्य असल्याचा तिथल्या सक्षम अधिकाऱ्याचा दाखला जोडून ते राज्याच्या भरतीत अर्ज करू शकतात. या तरतुदीची माहिती सीमाभागात पोचलेली नसते. ज्यांना माहीत आहे त्यांनी जरूर सांगावी.

दाखल्यांचा अर्ज कुठे करायचा

हे सगळे महसुली दाखले ‘आपले सरकार’ पोर्टलवर घरून किंवा सेतू, महा ई-सेवा केंद्रातून मागता येतात. अर्ज झाला की पावती घ्या. त्यावर अर्ज क्रमांक आणि दाखला देण्याची शेवटची तारीख असते. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाप्रमाणे ती तारीख उलटली तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडे अपील करता येते. अर्ज परत येतो तो बहुधा दोन कारणांनी: स्कॅन अस्पष्ट, किंवा स्वयंघोषणापत्रावर सही नाही. दर दोन-तीन दिवसांनी पोर्टलवर स्थिती पाहा, कारण त्रुटी निघाल्याचा निरोप कोणी घरी आणून देत नाही. केंद्रचालकाने स्वतःचा मोबाइल क्रमांक टाकला असेल तर एसएमएसही त्यालाच जातो, म्हणून अर्जात तुमचाच क्रमांक टाकायला सांगा.

चौथी पायरी: शिक्षण, संगणक, टंकलेखन

गुणपत्रिकेवर निकालाचा दिनांक छापलेला असतो. अर्हता त्या दिनांकाने मोजली जाते, पदवीदान समारंभाच्या दिनांकाने नाही. मूळ पदवी आली नसेल तर विद्यापीठाचे तात्पुरते पदवी प्रमाणपत्र घ्या. शेवटच्या सत्राचा निकाल अर्जाच्या शेवटच्या तारखेनंतर लागणार असेल आणि जाहिरातीत शेवटच्या वर्षातल्यांना मुभा नसेल तर अर्ज करू नका. गुण ग्रेडमध्ये असतील तर टक्केवारीचे सूत्र दाखवणारे विद्यापीठाचे पत्र जोडा.

संगणक अर्हतेसाठी एमएस-सीआयटी सर्वांना माहीत आहे. शासनाने मान्य केलेल्या सीसीसी, ओ लेव्हल यांसारख्या परीक्षाही चालतात. गल्लीतल्या क्लासचे ‘डिप्लोमा’ प्रमाणपत्र चालत नाही, मग शिकवणी कितीही चांगली असो. लिपिक-टंकलेखकासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचे शासकीय प्रमाणपत्र लागते. मराठी ३० आहे आणि जाहिरात इंग्रजी ४० मागते, असा फरक अर्ज भरण्याआधीच पाहा.

लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापन हा कागद तुम्ही स्वतः ‘नमुना अ’मध्ये लिहून द्यायचा असतो. २००५ च्या नियमांनुसार २८ मार्च २००६ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे हयात अपत्यांची संख्या दोनपेक्षा जास्त होत असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. एका अपत्यानंतर दुसऱ्या बाळंतपणात जुळे झाले तर ते एकच धरतात. अविवाहितांनीही नमुना भरायचाच, अपत्यांच्या जागी ‘निरंक’ लिहून. खोटी माहिती दिली तर नोकरी लागल्यानंतरही जाते.

समांतर आरक्षणाचे कागद

समांतर आरक्षण म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत दिव्यांग, खेळाडू वगैरेंसाठी ठेवलेल्या जागा. दिव्यांगांसाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) किंवा ऑनलाइन प्रमाणपत्र, किमान ४० टक्के. टक्क्यांइतकेच महत्त्वाचे म्हणजे ते पद तुमच्या दिव्यांगत्वाच्या प्रकारासाठी सुनिश्चित केलेले आहे का, हे जाहिरातीतल्या तक्त्यात पाहणे. खेळाडूंनी केवळ पदकाचे प्रमाणपत्र लावून भागत नाही, विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून त्याची पडताळणी आधी करून घ्यावी लागते. प्रकल्पग्रस्त आणि भूकंपग्रस्तांचे दाखले जिल्हाधिकारी कार्यालयातल्या पुनर्वसन शाखेशी संबंधित असतात. त्या दाखल्यावर घरातल्या कोणी आधी नोकरी घेतली आहे का, हे घरात विचारून घ्या.

अनुभव आणि ना हरकत

अनुभवाचे पत्र संस्थेच्या लेटरहेडवर हवे आणि त्यात पदनाम, कामाचे स्वरूप, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ दिनांक, पूर्णवेळ की अर्धवेळ, सही करणाऱ्याचे नाव व शिक्का असावा. ‘आमच्याकडे सुमारे तीन वर्षे काम केले’ अशा पत्राचा अनुभव शून्य धरला जातो. खासगी नोकरी असेल तर नेमणूकपत्र, पगारपत्रक आणि भविष्यनिर्वाह निधीचा उतारा जोडीला ठेवा, पत्रावर शंका आली की हे तिन्ही कामी येतात. आधीच शासकीय सेवेत असाल तर कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र घ्या, त्याचा अर्ज भरतीचा अर्ज भरतानाच द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.

पाचवी पायरी: फोटो, सही, स्कॅन

बँकांच्या अर्जपद्धतीत फोटो आणि डाव्या अंगठ्याचा ठसा प्रत्येकी २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी आणि इंग्रजीत हाताने लिहिलेले निवेदन ५० ते १०० केबी लागते. राज्याच्या भरतीत आकडे बदलतात, ते जाहिरातीतून घ्या. सही पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने, आणि इंग्रजीत असेल तर सर्व मोठ्या लिपीत नको. जी सही टाकाल तीच परीक्षेच्या हजेरीवर आणि पडताळणीत करायची आहे, म्हणून ती सवयीची असू द्या. फोटोच्या त्याच संचाच्या दहा-बारा प्रती काढून ठेवा. मोबाइलच्या स्कॅनर ॲपची जाहिरात पानावर छापून येत असेल तर ते ॲप वापरू नका. दाखल्यावरचा बारकोड आणि क्रमांक पडद्यावर मोठा करून वाचता आला तरच फाईल अपलोड करा. दोन्ही बाजूंना मजकूर असलेल्या दाखल्यांची मागची बाजू हमखास राहते, जातीच्या जुन्या दाखल्यांवर शेरे मागेच असतात.

पडताळणीचा दिवस

जाहिरातीतल्या यादीच्या क्रमानेच कागद लावा. मूळ कागद एका फाईलमध्ये प्लास्टिकच्या कप्प्यांत, झेरॉक्सचे दोन संच वेगळे. प्रत्येक झेरॉक्सवर ‘मूळ प्रतीनुसार सत्यप्रत’ लिहून सही आणि दिनांक. राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन जाहिरातीत मागितले असेल तरच शोधत फिरा. अर्जाची छापील प्रत, शुल्काची पावती, प्रवेशपत्र आणि फोटो असलेले मूळ ओळखपत्र वर ठेवा. डिजिलॉकरमधली गुणपत्रिका कायद्याने ग्राह्य असली तरी टेबलावर मूळ प्रत मागतात, ती हरवली असेल तर मंडळाकडून दुय्यम प्रत आधीच मागवा.

मूळ कागद कोणाकडेही ठेवून येऊ नका. कार्यालयाने ठेवून घेतलेच तर कागदाच्या नावानिशी लेखी पोच मागा. एखाद्या कागदावर आक्षेप आला तर तो तोंडी ऐकून घरी परतू नका. पडताळणी तक्त्यावर काय शेरा मारला ते वाचा, मुदत दिली असेल तर तिचा दिनांक तिथेच टिपून घ्या आणि आक्षेपाची प्रत मागा. चारित्र्य पडताळणी आणि वैद्यकीय तपासणी यानंतर होते. चारित्र्य पडताळणीच्या साक्षांकन नमुन्यात दाखल असलेला प्रत्येक गुन्हा लिहायचा असतो, सुटका झाली असली तरी निकालपत्राच्या प्रतीसह.